पऱ्हाटीच्या कागदाची लग्नपत्रिका

ताईच्या लग्नाची पत्रिका मी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, कागदावर छापणार म्हटल्यावर आत्यानं कपाळाला हात लावला. "चुलीत घालाच्या काड्यायची पत्रिका? लोकं काय म्हणतीन वं?"

लोकं काय म्हणतील, हे आत्याला लोकांच्या आधी कळायचं. मी तेव्हा दारव्ह्याला एका बॅनरच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायचे. दिवसभर पुढाऱ्यांच्या चेहऱ्यांवरचे डाग पुसायचे आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप करायच्या, नुसता वैताग. नागपूरला चित्रकला शिकताना हातानं कागद करायला शिकले होते, त्यासाठी हात शिवशिवत होते. त्यात कापसानं त्या वर्षांत सगळ्यांचीच कंबर मोडलेली. गावात लग्नं ठरायची आणि मोडायची. ताईचंही एक मोडलं होतं, पार साखरपुडा होऊन. तेव्हापासून ती हसायची, पण मोजकं. आता आर्णीचं स्थळ ठरलं होतं. ह्या वेळी कुठे खुट्ट व्हायला नको, म्हणून आई श्वाससुद्धा जपून घ्यायची.

मी पऱ्हाटीची साल सोलली, भिजवली, धुण्याचा सोडा टाकून चुलीवर रटरट शिजवली आणि उखळात कुटली. तो लगदा पुढे भरपूर पाण्यानं धुवायचा असतो. पण भर उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी कुठलं? दोनदा धुतला की आई रांजणापुढे उभी. "बस झालं आता. तुह्या कागदाले पाजू का माणसायले?" तिचंही खरंच होतं. मच्छरदाणीचा तुकडा चौकटीला ठोकून मी कागद गाळले आणि बाजेवर जुन्या लुगड्यांवर वाळत घातले. शेजारणी येता-जाता विचारायच्या, "पापड कायचे वं?"

चित्र मात्र कॉम्प्युटरचं. हिवाळ्यातच मी दुकानातल्या स्कॅनरच्या काचेवर पऱ्हाटीचं पान आणि फुटलेलं बोंड ठेवलं होतं. मालक ओरडला, "काच खराब झाली त पाह्यजो!" ऐकतंय कोण! पानाची एकेक शीर पडद्यावर हाताएवढी दिसली आणि माझ्या अंगावर काटा आला. ज्याच्यात जन्म गेला, ते मी कधी धड पाहिलंच नव्हतं. त्या शिरांची नक्षी केली, पारदर्शक कागदावर काढून आणली, अंगणातल्या उन्हात छपाईच्या जाळीदार पडद्यावर उमटवली आणि रबराच्या पट्टीनं त्यावरून शाई ओढत एकेक पत्रिका छापली. खडबडीत कागदावर शीर कुठे गडद, कुठे पुसट. दुकानातल्या मशीनला हे जन्मात जमलं नसतं. ताईनं पहिली पत्रिका गालाला लावली. "माह्याच लग्नाची हाये न वं ही?" म्हणाली. मला रडूच आलं.

पहिली पत्रिका देवापुढे ठेवून तिच्या चारी कोपऱ्यांना ओल्या हळदीचं बोट लावायचं, ही आमच्यातली रीत. त्या दिवशी आर्णीहून नवरदेवाची आई आली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. शेत एकटीनं सांभाळलं, पोराला शिकवलं. पण अशा वेळी मागे भिंतीला टेकून बसायची त्यांना सवय लागलेली. ताईनं हळदीची वाटी उचलली आणि सरळ त्यांच्यापुढे धरली. "आई, तुम्ही लावा."



"अवं, सवाष्णीले लावू दे," आत्या कुजबुजली, पण अशी, की रस्त्यावर ऐकू जावं. त्या बाईंनीही हात मागे घेतला. "मले नोको सांगू, बाई." ताई हटेना. शेवटी त्यांनी बोट बुडवून चारी कोपऱ्यांना लावलं.

आणि ती पिवळी हळद आमच्या डोळ्यांदेखत लाल झाली. चांगली तांबडीलाल.

"माय वं!" आत्या ओरडली. "म्हणलं होतं न मी?"

आईनं तोंडाला पदर लावला. त्या बाई उठल्या. कुणी थोबाडीत मारावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. "मले नोको सांगू म्हणलं होतं," एवढंच बोलल्या आणि दाराशी जाऊन चपला शोधू लागल्या. त्या अशा गेल्या असत्या तर लग्न गेलं असतं. सगळ्यांना कळत होतं, पण एक माणूस जागचा हलेल तर शपथ.

माझं डोकं सणकलं. "सोडा हाये तो! कागदात सोडा राह्यला, सोड्यानं हळद लाल होते! पाणी कमी पडलं, धुतलाच नाई नीट!" मी घसा फोडून सांगत होते.

"झाकू नोको," आत्या म्हणाली.

ताईनं दुसरी पत्रिका ओढली आणि स्वतःचं बोट हळदीत बुडवून टेकवलं. लाल. तिसरी आईपुढे धरली. आईनं बोट टेकवलं, तिचंही लाल. मग ताईनं आत्याचा हात धरला, अक्षरशः ओढला, आणि तिला बोट लावायला लावलं. सवाष्ण आत्याचंही लाल.

"पहिले घरी कुंकू कसं करत होते, आत्या?" ताईनं विचारलं. "हळदीतच खार घालत होते न?"

आत्यानं मान खाली घातली. दारातल्या बाई एका पायात चप्पल घालून हे सगळं पाहत होत्या. ती चप्पल त्यांनी काढली आणि आत आल्या.

"बाकीच्या पत्रिका कुठी हायेत?" त्यांनी मला विचारलं.

मी गठ्ठा आणून ठेवला. देवापुढे मांडी घालून त्या एकेका पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना हळद लावत गेल्या. कोपरा लाल होईस्तोवर पाहायच्या, मगच पुढची पत्रिका घ्यायच्या. वाटीतली हळद संपली, तेव्हा आत्याच उठली आणि आणखी भिजवून घेऊन आली.