जास्तीचं तेल

माझी आत्या खिडक्यांना काचा बसवते. काच चौकटीत टेकवायची, बारीक खिळे ठोकायचे आणि कडेने लांबी भरायची. लांबी म्हणजे खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून केलेला गोळा. हा गोळा महाहट्टी. नुसता ठेवला तर आखडतो, मळला की सैल होतो, अंगठ्याने रेटला तर सरकतो आणि हात काढला की जिथल्या तिथे थांबतो. आत्याचं आणि त्याचं चांगलं जमतं.

शिडीवरून पडून तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण अंगठ्यात जोर राहिला नाही. माझे वडील, म्हणजे तिचे धाकटे भाऊ, म्हणाले, "ताई, पुरे आता. घरी बस."

"बसून काय करू, अंडी उबवू?"

ती थेट शाळेच्या बांधकामावरच्या मुकादमाकडे गेली. त्याने तळमजल्यावरची एक खिडकी दाखवली. "ही जमली तर बाकीच्या तुमच्या. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

इथे आत्या चुकली. घट्ट गोळा अंगठ्याला रेटेना, म्हणून तिने त्यात जास्तीचं तेल ओतलं. लांबी भराभर पसरली, खिडकी झटक्यात झाली, बाई खूश! पण इतकी मऊ लांबी कुठली जागेवर राहायला? उन्हात ती स्वतःच्याच वजनाने हळूहळू उतरली. दुसऱ्या सकाळी पाहतो तर वरची कड उघडी आणि खाली जाड सुरकुत्या.

"बघ, मी सांगत होतो," वडील म्हणाले. मला त्यांचा भयंकर राग आला.

आत्याने सगळं खरवडून काढलं, गोळ्यात भुकटी घातली आणि डाव्या हाताने मळायला बसली. डावा अंगठा कामाला नवखा, सारखा घसरायचा. एक कड वाकडी झाली, ती तिने पुन्हा काढली.

"बाई, राहू द्या," मुकादम म्हणाला.

"तुम्ही निघा. झालं की हाक मारते."

दुसऱ्या दिवशी ऊन खाऊनही कड सरळ होती. मुकादमाने नखाने दाबून पाहिली आणि वर बोट दाखवलं. "वरच्या मजल्याचं काय?"

आत्याने शिडी भिंतीला लावली. वडिलांनी तोंड उघडलं.

"तोंड मिट आणि शिडी धर," ती म्हणाली. "पडलेच तर झेल."

वडिलांनी तोंड मिटलं. ती खाली उतरेपर्यंत त्यांनी शिडीवरचा हात काढला नाही.