सूर्यचुलीची परीक्षा

रॉकेलच्या रांगा लांबत चालल्या होत्या, तेव्हा मला सूर्यचुलीचं खूळ लागलं. गिरणीतली कायमची नोकरी सोडून मी शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराच्या गच्चीवर लाकडी पेट्या ठोकायला लागलो. आत काळा पत्रा, वर काच, झाकणाला आरसा. सोलापूरचं एवढं ऊन फुकट जातंय, याचं दुःख अख्ख्या शहरात मला एकट्यालाच होतं. दोन वर्षांत तीन चुली खपल्या, त्यातल्या दोन नातेवाइकांना. मग लष्कराचं टेंडर निघालं. सरहद्दीवरच्या ठाण्यांसाठी अशाच चुली हव्या होत्या. ते मिळालं नाही तर पुन्हा गिरणीच्या दारात जाऊन उभं राहायचं, हे ठरलेलं होतं.

चाचणी घ्यायला पुण्याहून एक मेजर आले. अट साधी होती: चार तासांत तूरडाळ शिजली पाहिजे. माझी चूल तीन तास घ्यायची. म्हणजे मी नुसता गप्प बसलो असतो तरी पास होतो. पण गप्प बसणं माझ्या रक्तात नाही.

सकाळी दहाला मेजरांनी स्वतःच्या हाताने कच्ची डाळ चुलीत ठेवली आणि आम्ही खाली चहाला गेलो. अर्ध्या तासाने, सहज बघू म्हणून, वर येऊन झाकण उघडलं तर डाळ मऊ गिर्र शिजलेली. खरं तर मीच चकित व्हायला हवं होतं. पण आदल्या दिवशी मी दुसरा आरसा बसवला होता आणि स्वतःच्या अकलेवर माझा भारी विश्वास. "दोन आरशांचा प्रताप, साहेब," असं म्हणून मी किरण, कोन आणि काच यांवर भाषण ठोकलं. त्यांनी पुढे केलेल्या कागदावर 'अर्धा तास' लिहून झोकात सहीही केली.

तेवढ्यात आई जिना चढून वर आली. तिला आम्ही अव्वा म्हणायचो.

"साहेब, ती डाळ घरात शिजवलेली हाय. तुमची कच्ची म्या काढून ठिवली. पावना दुपारपत्तोर उपाशी बसनार, बरं दिसतं का?"

मेजर माझ्याकडे बघायला लागले. मी हसलो. "वय झालंय तिचं, साहेब. काहीतरी घोटाळा होतोय."

अव्वा खाली गेली आणि त्यांची कच्ची डाळ पातेल्यासकट घेऊन आली.

चूल पुन्हा लावली. दोन आरसे असूनही तीन तास लागले. मधल्या वेळात मेजर अव्वाच्या हातची भाकरी, डाळ आणि शेंगाचटणी पोटभर जेवले. निघताना तिला वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाले, "चूल चांगली आहे. पण तिकडे ठाण्यावर माणसं कागदावर विसंबून असतात, आणि या कागदावर सही तुमची आहे." ऑर्डर दुसऱ्याला गेली.

ते कळलं त्या दिवशी मी अव्वावर तोंड सोडलं. तुझ्या पाहुणचारापायी घर बुडालं, असंही म्हणालो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"डाळ बदलली ते चुकलंच माझं," ती म्हणाली. "पर मी खरं बोलत व्हते, हे तुला तवा कळलं व्हतं की न्हाय?"

कळलं होतं. म्हणूनच तर मी हसलो होतो.