आधी कुणाची नोंद?

आमच्या साताऱ्याच्या वाचनालयातल्या ग्रंथपाल बाईंना कुणी “पुस्तक नाही” म्हटलेलं खपायचं नाही. लगेच चष्म्यावरून बघत विचारायच्या, “कुठल्या यादीत न्हाई?”

मी कोरेगावहून यायचे, तालमींच्या इतिहासावर संशोधन करायला. पहिल्याच दिवशी संगणकावर शोधलं, काही मिळालं नाही, आणि तोंड पाडून बसले. बाई म्हणाल्या, “आडात न्हाई ते पोहऱ्यात येत न्हाई, खरंय. पण तू पोहरा दुसऱ्याच आडात सोडलास, पोरी! संगणकात नवी पुस्तकं. जुनं सगळं कार्डांच्या कपाटात. तिथंबी नसलं, तर विद्यापीठांची एकत्र सूची बघायची.” कार्डांच्या खणात तालमींच्या जुन्या स्मरणिका निघाल्या. मला तर बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

मग नवं कार्यकारी मंडळ आलं. वाचनालय नव्या इमारतीत जाणार. संगणकात नोंद असेल तेवढंच न्यायचं, बाकी रद्दीत. मुदत संक्रांतीची. बाई भांडल्या, पण ऐकतो कोण! शेवटी एकट्याच कार्डं संगणकात भरायला बसल्या.

आणि भरायला काय घेतलं? तर कुणीच मागत नाही ते आधी! माझ्या स्मरणिका, गुरांच्या औषधांची पुस्तकं, बंद पडलेली मासिकं. माझा जीव खालीवर व्हायचा.

“आवं बाई, कादंबऱ्या भरा की! लोक त्याच मागतात.”

“म्हणून तर. त्यांच्यासाठी लोक भांडतील. ह्यांना कोण हाय?”

दिवाळीनंतर तिथं पाऊल टाकायला भीती वाटू लागली. दारात सुतळीची बंडलं येऊन पडली. मंडळाचा माणूस रोज येऊन कपाटांवर खडूनं फुल्या मारून जायचा. बाईंचे डोळे सुजलेले. वाचक यायचे, फुल्या बघून “अरेरे” म्हणायचे, कादंबरी बदलून घेऊन जायचे.

संक्रांतीला रद्दीवाल्याचा टेम्पो आला. नोंद व्हायची राहिलेली जुनी कादंबऱ्या, चरित्रं, नाटकं, सगळी गठ्ठे बांधून चढवली. बाई दारात उभ्या राहून रस्त्याकडे बघत होत्या. मला मेलीला रडू आवरेना. रस्त्यानं ओळखीची माणसं तिळगूळ वाटत चालली होती. आमचेच वाचक ते. एकानं थांबून बाईंच्या हातावर तिळगूळ ठेवला, टेम्पोला वाट करून दिली आणि तो पुढं गेला.

नव्या इमारतीत बाई आल्याच नाहीत. त्या दिवशी टेम्पो वळणाआड गेल्यावर मला एवढंच म्हणाल्या, “पुस्तकं वळखली गं मी. माणसं न्हाई वळखली.”