सातपैकी एक

सुभाषच्या आवाजाला मी सातपैकी एक आकडा दिला. एक म्हणजे काही बिघाड नाही, सात म्हणजे पुरता बिघाड. आमच्या मेहकरच्या शाळेत दोस्ती अशीच निभावायची पद्धत होती.

सुभाष माझा अमेरिकेतला रूममेट. नागपूरचा, सिव्हिलमध्ये पीएचडीला. 'स' म्हणायला गेला की हवा जिभेच्या दोन्ही कडांनी निसटायची, पंक्चर ट्यूबसारखी. त्यात नावाची सुरुवातच 'स'ने. फोनवर पिझ्झा मागवताना तो नाव 'बॉब' सांगायचा. मी त्याला बॉबराव म्हणायचो. तो हसायचा. मला तरी तसं वाटायचं.

शहाण्णवच्या मे महिन्यात त्याची इंग्रजी बोलण्याची परीक्षा होती. पास झाला तर शिकवायचं काम आणि फी माफ, नाही तर घरी परत. वाणीदोषांच्या क्लिनिकमध्ये फुकट मदत मिळायची, पण दोष असेल तरच, ॲक्सेंटसाठी नाही. आणि अमेरिकन कानाला आपलं सगळंच ॲक्सेंट. म्हणून दोष मराठीतही ऐकू येतो का हे ठरवायला तिथे शिकणाऱ्या प्रणिताने त्याच्याकडून आणि आणखी काही जणांकडून मराठी उतारा वाचून घेतला आणि आम्हा तिघा मराठी लोकांना आकडे द्यायला हेडफोन लावून बसवलं. टेपांवर नावं नव्हती, नुसते नंबर. पण रोज सकाळी 'चहा घेतो का बे' म्हणणारा आवाज ओळखायला नाव कशाला? गिरीशने एक लिहिला, ऋताने एक, मी एक. परक्यांच्या कागदावर आपल्या माणसाला कोण नावं ठेवील?

नंतर प्रणिताने मला कॉम्प्युटरवर आवाजाचं चित्र दाखवलं. "हा बाकीच्यांचा 'स'. काळा पट्टा बघ, वर, घट्ट. हा नंबर चारचा. खाली घसरलाय, पसरलाय. आणि तुम्हा तिघांना काहीच ऐकू आलं नाही?"

"सवय झाली असेल."

"मग क्लिनिकच्या यादीत नाव लागणार नाही. पुढची यादी सप्टेंबरात."

'मी खोटं लिहिलं.' तीनच शब्द. जिभेत काही दोष नसतानाही मला म्हणता आले नाहीत.

घरी सुभाष तांदूळ धूत होता. "तू तर रोज ऐकतो ना बे. खरंच काही नाही?"

"अरे, फर्स्ट क्लास बोलतोस, बॉबराव!"

या वेळी तो हसला नाही. "मग लहानपणापासून मी उगाच घाबरतो म्हणायचं," म्हणाला, आणि धुतलेलेच तांदूळ पुन्हा धूत राहिला.

परीक्षेत पहिला प्रश्न नावाचा आला. त्याने खिशातून आयडी कार्ड काढून दाखवलं.

जूनमध्ये तो नागपूरला परत गेला. निघायच्या आदल्या दिवशी त्याच्या आईचा, गिरजाबाईंचा फोन आला. मीच उचलला. "तिकडे त्याचं बोलणं कोणाला समजत नव्हतं का हो?"

"समजत होतं, मावशी," मी म्हणालो. हेही खोटंच.

गेल्या महिन्यात नागपूरहून एक कॅसेट आली. सोबत चिठ्ठी: 'जयभीम. इथे एका मॅडमकडे शिकतो आहे. आधी किती होतं, ते त्या विचारतात. तेव्हाचा आणि आताचा, दोन्ही आकडे कळव. या वेळी खरे.'

कॅसेट मी चारदा ऐकली. सुरुवातीला तो स्वतःचं नाव सांगतो. पूर्ण, सावकाश. हवा अजून निसटते. तेव्हाचे सहा, आताचे पाच.

एअरोग्राम आणून ठेवलाय. वर पत्ता लिहून झालाय. आत अजून कोरा आहे.