भर उन्हात बंद पडलेलं सोलर

ऑन-ग्रिड सोलर म्हणजे काय, हे समजून न घेता मी एका निरपराध माणसाला दोन दिवस ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवलं. नोकरीत मी चुका पुष्कळ केल्या, एक-दोन तर बढतीच्या कामीही आल्या. ही मात्र अजून मनातून जात नाही.

तेव्हा मी हैदराबादेत, नारायणगुड्याकडच्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. हद्दीत मराठवाड्याकडचे एक निवृत्त गृहस्थ राहत. पत्नी आजारी, घरीच ऑक्सिजनच्या मशीनवर. करंट जाण्याची त्यांना धास्ती, म्हणून त्यांनी गच्चीवर सोलर बसवलं. आता ऊन आपलंच, असं म्हणून घरातला जुना इन्व्हर्टर बॅटरीसकट भावाला देऊन टाकला.

एका दुपारी लाइनच्या दुरुस्तीसाठी गल्लीचा करंट गेला. गृहस्थ औषध आणायला आबिड्सला गेले होते. शेजाऱ्याने फोन करून सांगितलं, तरी ते घाबरले नाहीत. ऊन कडक होतं. परतले तेव्हा मशीन बंद होतं आणि बाई गेल्या होत्या. हाक मारण्याइतकंही बळ बाईंच्यात नव्हतं.

मी अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनाम्याला गेलो. तोवर करंट आला होता आणि सोलरही ठणठणीत चालू. म्हणजे कुणीतरी बंद करून पुन्हा चालू केलं, हे माझं अनुमान. तेवढ्यात शेजाऱ्याने कानात सांगितलं की सोलरचा मेकॅनिक त्या सकाळी पॅनल धुवायला गच्चीवर होता, आणि मागे त्याची गृहस्थांशी बाचाबाची झाली होती. गृहस्थांनी जबाबात ते कबूल केलं. भांडण कशावरून, हे मी विचारलंच नाही. मला आरोपी मिळाला होता.

मेकॅनिकला चौकशीला बोलावलं. मी फिरवून फिरवून विचारत होतो, तो एकच सांगत होता, "साब, ऑन-ग्रिड है. लाइन का करंट गया तो सोलर बी बंद होता." खांबावर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून ते आपोआप बंद पडतं, बॅटरी नसेल तर घरालाही वीज मिळत नाही, हेही त्याने सांगितलं. तेच शब्द, तोच क्रम. मी मनात म्हटलं, पाठ करून आलाय.

दुसऱ्या दुपारी ठाण्याचाच करंट गेला. पंखे थांबले, शिपाई फायलींनी वारा घेऊ लागले. आमच्या छतावरही सोलर होतं. त्याची फीत मीच कापली होती. मेकॅनिकने वर पंख्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "साब, ये बी मैंच बंद किया क्या?"

मी उठलो आणि जीप काढायला सांगितली.

त्याला जीपमध्ये घेऊन त्या घरी गेलो. तो खाली मीटरपाशी थांबला, मी गृहस्थांबरोबर गच्चीवर. त्याने मेन स्विच पाडला. डोक्यावर ऊन तापलेलं होतं, आणि गच्चीच्या दाराशी बसवलेल्या सोलरच्या डब्यावरचा हिरवा दिवा विझला. गृहस्थ त्या डब्याकडे बघत म्हणाले, भांडण बॅटरीवरूनच होतं. भावाला देऊ नका, दिलीत तर नवी घ्यावी लागेल, असं तो सांगत होता. याला नवी विकायची असेल, असं समजून त्यांनी त्याला हाकललं होतं.

पढवलेला माणूस तेच ते बोलतो, असं आम्हाला शिकवलेलं. खरं बोलणाराही तेच ते बोलतो, कारण त्याच्याकडे दुसरं काही नसतं. हे मला फार उशिरा कळलं.

मी गृहस्थांना म्हणालो की तुमचा दोष नाही, हे तांत्रिक असतं, आमच्याही लक्षात आलं नाही.

"त्याने मला सांगितलं, मी ऐकलं नाही," ते म्हणाले. "तुम्हालाही दोन दिवस सांगत होता, तुम्हीही ऐकलं नाहीत. तुमचं बरं आहे साहेब. तुमचा माणूस जिवंत आहे, खाली जाऊन त्याची माफी मागा."