गळतीचा अहवाल

महादेवीचा, म्हणजे अप्पांच्या लेकीचा, फोन आला तेव्हा मी एका तक्त्याखालची टीप लिहीत होते. "अप्पा गेले गं," एवढंच ती म्हणाली. बसवकल्याणला मातीला पोचले खरी, पण रडू आलं ते परतीच्या बसमध्ये... आणि मग आवरेना.

अप्पा बीदरला आमच्या शिक्षण खात्याच्या कचेरीत आकडेवारीचे जुने सहायक. अहवाल कन्नडात जायचा, पण आमची खरडपट्टी ते मराठीत काढायचे. मसुदा आधी चहावाल्या रत्नाक्काला वाचून दाखवायचा. तिनं तो आपल्या शब्दांत परत सांगितला तरच पुढं पाठवायचा, हा त्यांचा कायदा. मी नवी पदवीधर, मला त्याचा भारी राग यायचा. औरादकडच्या सरहद्दीवरल्या एका गावाचा अहवाल मी कुणालाच न दाखवता वर धाडला. हजेरीपटावर मुली कमी झालेल्या. मी ठोकून दिलं, 'मुलींची गळती मोठी, पालकांना शिक्षणाची आस्था नाही.' झालं! गावची मराठी शाळा बंद करायच्या हालचाली सुरू झाल्या.

अप्पांच्या हातात तो पडला. "पोरी कमी झाल्या, हे आकडा सांगायलाय. आस्था न्हाई हे कुनी सांगितलं? तू गेलतीस का बघायला?"

"न्हाई, अप्पा."

"मग लिहिलीस कामून?"

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते गावात गेले. एकही मुलगी घरी बसलेली नव्हती. इथं मराठीचा शिक्षक नाही, म्हणून ओढा ओलांडून त्या महाराष्ट्रातल्या शाळेत चालत जात होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळेच्या ओट्यावर बसूनच अप्पांनी नवा अहवाल लिहायला लावला. पहिलं वाक्य: 'मुली शिकत आहेत, आपल्या शाळेत शिक्षक नाही.' पुढं शिक्षक आला, शाळा वाचली. माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. आता घरी बसवतात, हीच धास्ती होती. पण मला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. अहवालावर नाव विभागाचं असतं; साहेब विसरले असतील, असं मी खुशाल धरून चालले.

गेल्या आठवड्यात महादेवीनं अप्पांची कागदपत्रं माझ्यापुढं ठेवली. त्यात साहेबांची नोटीस होती: चुकीचा अहवाल कुणी लिहिला? खाली अप्पांच्या उत्तराची प्रत. 'तो अहवाल मी लिहिला. गावात न जाता लिहिला. नव्या बाईंचा त्यात काही संबंध नाही.'

तीनच वाक्यं. दुसऱ्यांदा वाचायची गरज पडू नये अशी स्वच्छ... आणि त्यातलं एकही खरं नव्हतं.