नवसाबाईचं अवधान

नवसाबाई द्राक्षांचे दोन क्रेट एकावर एक ठेवून उचलायची. एकेक वीस किलोंचा. द्राक्षं भरायच्या शेडवरचे गडी एकच उचलायचे आणि ती जवळून गेली की मुद्दाम दुसरीकडे बघायचे. पेठकडच्या डोंगरातून ती दर जानेवारीत मजुरांच्या टोळीबरोबर पिंपळगाव बसवंतला यायची. बायकांवर देखरेख माझी. म्हणजे ओरडण्याचा पगार मला.

२००१च्या फेब्रुवारीत ती क्रेट ठेवताना जांघ दाबू लागली.

"काय गं?"

"अवधान आलंय, ताई."

पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, तेच अवधान, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. टोळीतल्या सगळ्यांत जुन्या लंकाबाईने वीट तापवून, फडक्यात गुंडाळून शेक दिला, वर चुना-गुळाचा लेप लावला. मी तिला शाबासकीही दिली. आडवं झालं की गाठ जिरायची, क्रेट उचलला की पुन्हा यायची. त्याचं कुणालाच नवल वाटलं नाही. मलाही नाही, याची आजही लाज वाटते.

तीन आठवड्यांनी भर दुपारी नवसाबाई वजनकाट्याजवळ बसली ती उठेचना. हिरव्या उलट्या. पोट टम्म फुगलेलं. आडवं केलं तरी गाठ जाईना. लंकाबाई वीट तापवायला धावली. मी म्हटलं, आधी जखम बघू, चिघळली असेल. तिचे दोन्ही पाय मांडीवर घेऊन धुतले. तळवे खरखरीत, पण काटा नाही, खिळा नाही, साधा ओरखडासुद्धा नाही.

"काटा कुठं मोडला होता गं?"

"नाय मोडला, ताई."

"मग अवधान कशाचं?"

"गाठ आली म्हंजी अवधानच ना?"

तीन आठवडे आम्ही नसलेल्या जखमेवर औषध करत होतो आणि एकीनेही तिचा तळवा उलटा करून पाहिला नव्हता.

भरलेला टेम्पो रिकामा करून तिला नाशिकला नेलं. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"वाचली. पण वीतभर आतडं काळं पडलं होतं, कापावं लागलं. अवधान कसलं, हर्निया आहे हा! मांडीच्या मुळाशी आतडं बाहेर येऊन अडकलं. जड ओझी उचलून हे वाढतं आणि या जागचा हर्निया पुरुषांपेक्षा बायकांनाच जास्त होतो. उद्यावर टाकलं असतं तर गेली असती." मग त्यांनी विचारलं, "जांघेत भाजलंय कुणी?"

मी तापल्या विटेचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शेडवर सगळ्या बायकांना गोळा करून सांगितलं. लंकाबाईने कमरेवरचा क्रेट हळूच खाली ठेवला.

"ताई, निजल्यावर जाती, तीच का गाठ?"

"तीच."

"मंग माझी बारा वर्सांची हाय."

तिच्यामागे आणखी दोघींनी आपापले क्रेट खाली ठेवले.